हेलफायर क्लब बघायचा तर गाइडसोबतच

डब्लिनच्या दक्षिणेला, मॉन्टपेलियर टेकडीच्या ३८३ मीटर उंच माथ्यावर एक पडकी शिकारकोठी आहे. अठराव्या शतकातल्या उनाड श्रीमंतांच्या हेलफायर क्लबवरून तिलाही तेच नाव पडलं. वर जायला तिकीट नाही. तरी गाइडचे पैसे द्याच, कारण नुसत्या भिंती बघून यातलं काही कळत नाही.

विल्यम कॉनली या बड्या राजकारण्याने १७२५च्या सुमारास ही कोठी बांधली, तीही माथ्यावरच्या प्राचीन थडग्याचे दगड उपसून. थोड्याच काळात वादळाने छप्पर उडवलं. थडगं मोडलं म्हणून सैतानाने सूड घेतला, असं आसपासचे लोक म्हणू लागले. कॉनलीने मग दगडी कमानीचं छप्पर घातलं. ते अजून शाबूत आहे. माझ्या बाबांचं आयुष्य बांधकामावर गेलेलं. त्या कमानीखाली ते मान वर करून उभे राहिले, हलेचनात.

पत्त्यांची गोष्ट गाइडने आतल्या अंधारात सांगितली. वादळी रात्री एक अनोळखी माणूस येतो, डाव रंगतो, कुणाचं तरी पान खाली पडतं, तो वाकतो आणि पाहुण्याच्या पायांच्या जागी त्याला खूर दिसतात! अंगावर काटा आला. लगेच त्यांनी हेही सांगितलं, की हीच गोष्ट वेक्सफर्डच्या लॉफ्टस हॉल या जुन्या वाड्याबद्दलही सांगतात आणि क्लबच्या बैठका मुख्यतः शहरातल्या ईगल टॅव्हर्नमध्ये व्हायच्या. गोष्टीची मजा न घालवता खरं सांगणं फार थोड्यांना जमतं.

मला सगळ्यात भावलं ते कोठीमागचं गवताळ उंचवट्यांचं वर्तुळ. २०१६ साली तिथे उत्खनन झालं आणि सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या थडग्याचे पुरावे मिळाले. म्हणजे सैतान बाजूला ठेवला तरी लोकांच्या तोंडी टिकलेली मूळ गोष्ट, दगड उपसल्याची, खरीच होती. अडाण्यांच्या भाकडकथा म्हणून हे उडवून लावणाऱ्यांना मी मुद्दाम इथे नेईन.

तक्रार एकच. कोठीत अर्धा तास आणि थडग्यापाशी जेमतेम पाच मिनिटं, हे प्रमाण उलट हवं. शिवाय आमचा गट मोठा होता, मागच्यांना वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. गाइडला चिकटून चाला. चढ बऱ्यापैकी आहे, आत चिखल असतो. पकड असलेले बूट आणि टॉर्च घ्या.