‘हझमॅट फ्री’ लिहिलेलं दिसलं की तिथून निघा

टेक्सासमध्ये आमच्या रेंजवर शनिवारी सकाळी जमणाऱ्यांत आम्ही तिघं-चौघं मराठी आहोत. कागदी टार्गेटवर नेमबाजी, शिकार क्वचित, आणि काडतुसं घरीच भरायची. याला इथं रिलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. रिलोडिंगचा माल ऑनलाइन मागवताना आम्ही कसे फसलो ते लिहितोय, अमेरिकेतल्या अशाच हौशी लोकांसाठी, आणि त्यांच्यातल्या एच-वन बीवाल्यांनी तर शेवटपर्यंत वाचावंच. (भारतातल्या वाचकांनी यातलं काही करायला जाऊ नये. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे तिथं परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. सुट्टीला जाताना बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी विमानतळावर पोलीस केस होते.)

आधी बाजाराची अवस्था सांगायला हवी, कारण ठगांचं दुकान त्याच्यावरच चालतं. 2020 मध्ये कोविड आला, बंदुकांची विक्री एकदम वाढली, त्याच वर्षी जुलैमध्ये बंदुका-काडतुसं बनवणाऱ्या रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बघता बघता शेल्फं रिकामी झाली. हजार प्रायमर (काडतुसाच्या बुडाला बसणारी, ठिणगी पाडणारी छोटी टोपी) पूर्वी तीस-पस्तीस डॉलरला यायचे, ते ऐंशी-शंभरला गेले आणि तरी मिळेनात. व्हार्गेटसारखी पावडर, म्हणजे काडतुसात भरायची दारू, तर ऑस्ट्रेलियात बनून येते. दुकानात आली म्हणेपर्यंत संपलेली असायची. पुढची दोन-तीन वर्षं कमी-जास्त हेच चाललं. ‘स्टॉकमध्ये आहे’ एवढं वाचलं तरी जीव हरखायचा. आम्हाला गंडा घातला गेला तो 2022 च्या हिवाळ्यात, याच हरखण्यावर.

गळाला लावलेलं आमिष होतं इलेक्ट्रॉनिक पावडर डिस्पेन्सर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: वर पावडर भरायचा हॉपर, खाली आडवी फिरणारी नळी, आणि नळीच्या तोंडाखाली वजनकाट्यावर ठेवलेली छोटी पॅन. आकडा टाकला की नळी आधी भराभर पावडर सोडते, मग वेग कमी करून अगदी दाणा दाणा टाकते, आणि वजन भरलं की बीप वाजतो. वजन ग्रेनमध्ये. एका ग्रॅममध्ये साधारण 15.43 ग्रेन, एका पौंडात 7000. घरगुती वापराची चांगली मशिनं एक दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास, बरोबर मोजतात. लांबट दाण्यांची पावडर जुन्या ड्रमवाल्या मापात अडकते, हँडल फिरवताना दाणे कटकन कापले जातात आणि माप चुकतं. तिथं या मशीनला तोड नाही.

नखरेही आहेत. चालू केल्यावर काटा स्थिर व्हायला वेळ द्यायचा, एसीची झुळूक येऊ द्यायची नाही, मोबाइल शेजारी ठेवायचा नाही, मधून मधून चेक वेट (पक्क्या वजनाचं माप) ठेवून खात्री करायची. शेवटचे दोन दाणे जास्त पडू नयेत म्हणून नळीच्या तोंडात मॅकडॉनल्ड्सच्या स्ट्रॉचा तुकडा खुपसणारे इथं असंख्य आहेत, आणि त्याचा उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काटा खोटा असेल तर मात्र प्रकरण थट्टेचं राहत नाही. पावडर जास्त पडली की चेंबरमधला दाब वाढतो, आणि बंदुकीमागे आपलाच चेहरा असतो.

असं नवीन मशीन तेव्हा चारशे डॉलरच्या पुढं जायचं. आम्हाला ऑनलाइन सापडलेल्या एका साइटवर तेच 189 ला होतं.

आम्ही तिघांनी मिळून ऑर्डर केली, त्यालाही कारण आहे. पावडर आणि प्रायमर हा धोकादायक माल, इथल्या भाषेत हझमॅट. तो पाठवायला खोक्यामागे वेगळी हझमॅट फी पडते, दुकानाप्रमाणे वीस ते पन्नास डॉलर. एक पौंड मागवा नाहीतर दहा, फी तेवढीच, म्हणून रिलोडिंगवाले चार जणांत वाटून मागवतात. मशीन माझ्या नावावर, माझ्या कार्डावर. पावडर आणि प्रायमर आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याच्या नावावर, कारण तो घरून काम करतो आणि असं खोकं आलं की सही करायला कुणीतरी लागतं. तो मूळचा सांगलीचा, व्हिसा एच-वन बी.

साइट बेमालूम होती. एका नावाजलेल्या दुकानाच्या नावात एक आडवी रेघ घुसवलेली, लोगो तोच, फोटो तेच, ‘आमच्याबद्दल’चा मजकूरसुद्धा शब्दन् शब्द तोच. खाली चॅटची खिडकी, आणि तिथं उत्तर देणारा माणूस खरोखर जाणकार. मी मुद्दाम विचारलं की लांबट पावडरीला या मशीनचा वेग किती मिळेल, तर त्यानं स्वतःहून स्ट्रॉची गोष्ट काढली. या धंद्यातले ठग आता अभ्यास करून बसलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा. ‘त्याला सगळं माहीत होतं’ हा खरेपणाचा पुरावा नव्हे.

पैसे घ्यायची पद्धत तर फारच हुशारीची. मशीनला कार्ड चालेल, पण पावडर-प्रायमरला नाही, ते झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा. कारण काय, तर कार्ड कंपन्या हझमॅट माल घेऊ देत नाहीत. यात अर्धं खरं आहे म्हणून ते पचतं: बंदुकांशी संबंधित धंद्यापासून काही पेमेंट कंपन्या खरंच लांब राहतात. पण रिलोडिंगची सगळी चांगली दुकानं पावडर कार्डावर विकतात, रोज विकतात. झेलवर नाव आलं ते दुकानाचं नव्हे, कुणा बाईचं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंट’. वर आठ टक्के सूट. 612 डॉलर गेले.

आता मशीनचं ऐका. ट्रॅकिंग नंबर आला, पोस्टाचा. पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दाखवलं त्या दिवशी पत्रपेटीत बबलवालं एक पाकीट पडलेलं. आत प्लॅस्टिकची की-चेन. मला आधी वाटलं कुणाचं तरी चुकून आलं. मग लेबलवर माझं नाव आणि तोच नंबर दिसला, तेव्हा खेळी कळली. तुम्ही बँकेत तक्रार केली की विक्रेता तो नंबर पुढं करतो: बघा, माल पोचला. बँकेच्या कारकुनाला पाकिटात काय होतं ते दिसत नाही, त्याला फक्त ‘डिलिव्हर्ड’ दिसतं. झालंही तसंच. कार्डाच्या बँकेनं पहिल्या फेरीत माझी तक्रार फेटाळली.

दुसऱ्या फेरीत वाचवलं ते वजनानं. लेबलच्या कोपऱ्यात पोस्टाचं वजन छापलेलं असतं: 3 औंस. मी पाकीट, लेबल आणि की-चेन यांचा एकत्र फोटो काढला, आणि खऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातलं मशीनचं वजन शेजारी लावलं. अनेक पौंडांचं यंत्र तीन औंसांच्या पाकिटात कसं येईल, एवढंच विचारलं. पैसे परत आले. तेव्हा असं काही हाती पडलं तर चिडून कचऱ्यात टाकू नका, लेबल तर फाडूच नका. क्रेडिट कार्डाच्या ग्राहकाला 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याचा आधार आहे. ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत लेखी तक्रार जायला हवी. झेलच्या 612 डॉलरच्या बाबतीत मात्र बँकेनं सरळ सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेलेले नाहीत. तिथं तोंडाला पानं पुसली गेली.

इथवरचं नुकसान पैशाचं. पुढचं मला जास्त संतापजनक वाटतं.

पावडर येईना, तेव्हा आमच्या धाकट्याला मेल आली की माल ज्वालाग्राही असल्यानं 350 डॉलरचा विमा भरावा लागेल, डिलिव्हरीनंतर परत मिळेल. त्यानं कुणाला न सांगता भरला. आम्ही आधीच हळहळत होतो, त्यात आपल्यामुळे आणखी घोळ नको, असं त्याला वाटलं. मग दुसरी मेल. वर गरुडाचं चिन्ह, खाली कुणा एजंटची सही. मजकूर असा की तुमच्या नावावरचा स्फोटक माल एटीएफने (बंदुका आणि स्फोटकांवर लक्ष ठेवणारं केंद्रीय खातं) अडवला आहे, तुमच्या स्थलांतरित दर्जाची चौकशी सुरू आहे, 480 डॉलरचा ‘रिलीज बॉण्ड’ आज भरला नाही तर प्रकरण इमिग्रेशनकडे जाईल.

रात्री अकराला त्याचा फोन. “दादा, माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग फेब्रुवारीत आहे. हे रेकॉर्डवर गेलं तर?”

मी म्हटलं, “पाठवणाऱ्याचा पत्ता वाच. सगळा. शेवटपर्यंत.”

तो वाचायला लागला. एटीएफ, मग रेघ, मग रिलीज, मग डॉट कॉम. एटीएफसारख्या सरकारी खात्याचा पत्ता डॉट गव्हवर संपतो. आणि अडवलेला माल सोडायला झेलवर पैसे मागणारं खातं अजून जन्माला यायचंय.

त्या ठगाला आमच्या मित्राचा व्हिसा कुठला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यानं आडनाव वाचलं आणि अंदाजानं दगड मारला. तो बरोबर लागला, कारण या भीतीमागे खरा कायदा आहे आणि तो अर्धवट ठाऊक असलेल्यांना सहज घाबरवता येतं. म्हणून नीट सांगतो. एच-वन बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि दारूगोळा बाळगायला बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला सगळ्यांत वापरातला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना चालू हवा, संपलेला चालत नाही. टेक्सासमध्ये रहिवाशाला तो 25 डॉलरला मिळतो आणि साधारणपणे दर वर्षी 31 ऑगस्टला संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. आमच्या मित्राचा परवाना चालू होता, पाकिटात होता, आणि तरी तो रात्री अकरापर्यंत एकटा बसून घाम पुसत होता. तुमचं काही वेगळं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, पण धमकीच्या मेलला उत्तर म्हणून पैसे पाठवू नका आणि गप्प तर अजिबात बसू नका. लोक लाजेनं गप्प बसतात यावरच या मंडळींची दुसरी आणि तिसरी वसुली उभी असते.

रिलोडिंगपुरत्या काही खुणा सांगतो, ज्या साध्या ऑनलाइन खरेदीच्या सल्ल्यांत सापडत नाहीत. ‘हझमॅट फ्री’ ही सगळ्यांत मोठी. खरी दुकानं अशी योजना कधीमधी काढतात, पण ठरावीक रकमेच्या वर आणि चार दिवसांपुरती. बारा महिने, एका पौंडावर, टंचाईच्या काळात कुणी ती फी खिशातून भरत नाही. दुसरी म्हणजे पोस्ट. पावडर आणि प्रायमर अमेरिकी टपाल खात्यातून पाठवायलाच बंदी आहे. हा माल खाजगी कुरियरच्या गाडीनं, रस्त्यानं येतो. जी साइट पावडरीवर ‘प्रायॉरिटी मेल, दोन दिवसांत’ लिहिते, तिनं पावडर कधी विकलेलीच नाही. आणि सगळंच स्टॉकमध्ये असणं. खऱ्या दुकानाचं पान त्या वर्षी लाल अक्षरांनी भरलेलं असायचं, हे नाही, ते नाही. साइटचं नाव कधी नोंदवलं गेलं ते हूइज शोधात फुकट दिसतं; आमची साइट सात आठवड्यांची होती आणि पानावर ‘तीस वर्षांची सेवा’ लिहिलेलं होतं. पत्ता नकाशावर टाकला तर टायरचं दुकान निघालं.

एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर आणि ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसीकडे दोन्हीकडे तक्रार नोंदवली. रक्कम बघता कुणी एजंट धावत येणार नाही हे दिसतंच, पण झेलचं खातं आणि फोन नंबर एकाच ठिकाणी जमत गेले तर पुढं कुणाच्या तरी कामी येतात. ज्या दुकानाचं नाव वापरलं होतं त्यांनाही कळवलं. त्यांच्याकडची बाई म्हणाली की त्यांच्या नावाच्या नकला त्यांनी आधीही बंद पाडल्यात. ही साइट गेली, आणि महिन्याभरात तेच फोटो, तोच तीस वर्षांचा मजकूर, रेघ मात्र दुसऱ्या जागी.

धाकट्यानं शेवटी खरं मशीन घेतलं ते गन शोमधून, जुनं, पण मालकानं समोर प्लग लावून, स्वतःच्या चेक वेटनं तपासून दिलेलं. सोबत स्ट्रॉचा तुकडाही आला.

नंतर त्याला आणखी एक मेसेज आला. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे परत मिळवून देणारी आमची कंपनी आहे, तुमचे 962 डॉलर कुठं आहेत ते आम्हाला सापडलंय, फाइल उघडायला फक्त 150 लागतील. आकडा अगदी बरोबर होता, 612 आणि 350. तो ठगांशिवाय कुणाकडे असणार? या वेळी त्यानं आधी मला स्क्रीनशॉट पाठवला, मग तो नंबर आयसीथ्रीच्या तक्रारीत घातला. एकशेपन्नास डॉलर झेलनेच हवे होते.