टाऊन हॉल म्युझियम, कोल्हापूर: अंबाबाई, रंकाळा झाला की इथं दोन तास काढाच

रेटिंग: पाचपैकी पाच

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, तांबडा-पांढरा ओरपतो, चप्पल घेतो आणि गाडीला लागतो, आणि आपणपण त्याला कधी सांगत नाही की सीपीआर हॉस्पिटलच्या समोर ते काळ्या दगडाचं, टोकदार मनोऱ्यांचं बांधकाम दिसतंय ना, तिथं जरा आत जाऊन ये. गावातल्या लोकांचं तर विचारूच नका, शाळेच्या सहलीत एकदा बघितलं की संपलं. म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी इमारत. 1872 ते 1876 या काळात बांधलेली, डिझाईन चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनियरचं. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, समोर दोन मनोरे, सगळा गॉथिक म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारखा थाट, पण दगड आपला इथला काळा. आता गंमत बघा, टाऊन हॉल झाल्यावर लगेच 1877 ला याच मँटच्या आराखड्यावर न्यू पॅलेसचं काम सुरू झालं आणि तिथं मात्र त्यानं राजस्थान-गुजरातकडचं जैन मंदिरांचं काम, हिंदू शैली, इथल्या राजवाड्याची पद्धत असं सगळं एकत्र आणलं. एकच माणूस, एकच गाव, मध्ये थोडीच वर्षं, आणि हाताला इथलं वळण लागलं. दोन्ही इमारती एकाच दिवशी बघा, आधी टाऊन हॉल मग पॅलेस, फरक डोळ्यांना आपोआप दिसतो, कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आत गेल्यावर माझ्या मते सगळ्यात आधी ब्रह्मपुरीच्या वस्तूंकडं जायचं. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठावरची टेकडी, आपण घाटावर जाता येता बघतो तीच. तिथं 1940 च्या दशकात राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदनगार यांच्यामुळं ब्राँझच्या वस्तू उजेडात आल्या आणि मग 1945-46 ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. त्यातून सातवाहन काळातलं अख्खं गाव वर आलं, विटांची घरं, नाणी, मणी, भांडी. आणि त्या ब्राँझच्या वस्तूंमध्येच तो प्रसिद्ध पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. मूर्ती छोटीच, दाढीवाला उभा देव, पण अंगाची ठेवण, पोटावरचे स्नायू, एका पायावर टाकलेला भार, आपल्याकडच्या मूर्तीत असं सगळं एकत्र सहसा दिसत नाही. समुद्राचा देव समुद्रापासून इतक्या लांब सह्याद्रीच्या अलीकडं आला कसा, तर रोमन जहाजं कोकणातल्या बंदरांना लागायची आणि माल घाट चढून वर यायचा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पंचगंगेच्या काठावर कुणाच्या तरी घरी परदेशी मूर्ती, परदेशी ब्राँझची सुरई होती. सातवाहन काळाच्या आसपास इथं राज्य केलेल्या कुरा राजांची धनुष्यबाणाची नाणी पण कोल्हापुरात सापडली आहेत, ती ज्यांना नाण्यांचं वेड आहे त्यांनी नीट बघावीत, बाकीच्यांनी पुढं सरकलं तरी चालेल.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, दगडी शिल्पं आणि वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरलेला दगड. लोक तिथं फोटो काढतात आणि जातात, थांबून वाचत कोणी नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, हातात ढाल तलवार, बऱ्याचदा बाजूला गाई असतात कारण गावाची जनावरं सोडवताना मेलेला माणूस आहे तो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. सगळ्यात वर तोच माणूस हात जोडून शिवलिंगापुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. एकही अक्षर न वापरता तीन चौकटीत अख्खी गोष्ट. त्यातल्या खालच्या चौकटीतल्या माणसाचा उचललेला हात आणि वरच्या चौकटीत जोडलेले हात एकापाठोपाठ बघा, अंगावर काटा येतो. आणि हा कुणी राजा नाही, गावचा साधा माणूस आहे.

शिलाहारांच्या, म्हणजे मध्ययुगात इथं राज्य करणाऱ्या घराण्याच्या काळातले या भागातले बरेच शिलालेख कन्नडमध्ये आहेत हे पण लक्षात ठेवून बघा. कुंदनगार सर स्वतः कन्नडचे, त्यांनीच ते लेख गोळा करून 1939 ला छापले. मराठी, कन्नड, जैन, शैव, सगळं इथं एकाच मातीत मुरलेलं आहे आणि आज आपण ज्याला अस्सल कोल्हापुरी म्हणतो त्यात हे सगळं आहे.

मग चित्रं. इथं घाई केली तर म्युझियम बघितलं नाही असंच समजा. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, सगळी आपली माणसं. आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत कोल्हापूरला आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, आणि हा माणूस गावातल्या कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर बसून पाणी, झाडं, उजेड रंगवत राहिला. त्यांचं निसर्गचित्र आधी अगदी जवळून बघा, नुसते रंगाचे तुटक ठिपके आणि फटकारे दिसतात, मग चार पावलं मागं या, पाण्यावरचं ऊन हलायला लागतं. शाहू महाराज 1922 ला गेले तेव्हा दुःखात त्यांनी आपली बरीच चित्रं पाण्यात सोडली असं गावात अजून सांगतात. जे उरलंय त्याची किंमत त्यामुळं अजूनच कळते.

बाबूराव पेंटरांपाशी तर सगळे धागे एकत्र येतात. घरात सुतारकाम आणि कोरीवकामाचा वारसा, आडनाव मेस्त्री. भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, राजवाडा, जंगल, रस्ता, आणि पडद्यावर इतकी खोली आणायची की लोक नटापेक्षा पडद्याला दाद द्यायचे. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं, कॅमेरा परदेशातून आणायला पैसे नाहीत तर स्वतः बनवायला घेतला, आनंदराव 1916 ला गेले, बाबूरावांनी काम सोडलं नाही, दामल्यांना बरोबर घेऊन कॅमेरा पुरा केला. 1920 ला त्यांचा सैरंध्री सिनेमा आला, 1925 ला सावकारी पाश, म्हणजे पुराणातल्या गोष्टीपासून पाच वर्षांत गाडी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यापर्यंत आली. प्रसंग आधी कागदावर चित्र काढून ठरवायचे आणि मगच शूटिंग. आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या मंडळींनी 1929 ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली.

बाबूरावांनी वीरगळ बघून सिनेमा काढला असं मी म्हणणार नाही. पण चित्रातून गोष्ट वाचायची सवय या मुलखातल्या साध्या माणसाला शेकडो वर्षं होती, देवळाच्या भिंतीवर, गावाच्या वेशीवरच्या दगडावर, नंतर नाटकाच्या पडद्यावर. म्हणून सिनेमा इथं उपरा वाटला नाही, चटकन रुजला, आणि सुतार, पेंटर, मूर्तिकार अशा हातानं काम करणाऱ्या लोकांनीच तो उभा केला हे मला फार मोठं वाटतं. हे सगळं एकाच छताखाली, दोन तासांत, चालत चालत बघायला मिळतं, अजून काय पाहिजे.

लहान पोरांना घेऊन जाणार असाल तर आधी शस्त्रं दाखवा, मग वीरगळाची गोष्ट सांगा, ऐकतात. आर्टच्या पोरांनी वही पेन्सिल घेऊन जावं. बाहेर बाग आहे, जुनी मोठी झाडं आहेत, दमलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथं बसवता येतं. सकाळच्या वेळात गेलात तर निवांत बघता येतं, सोमवार सोडून जावा. आणि निघाल्यावर भाऊसिंगजी रोडनं सरळ शिवाजी चौकात या, तिथला महाराजांचा अर्धपुतळा बाबूराव पेंटरांनीच घडवलाय, रोज त्याच्या शेजारनं गाडी घालतो आपण, एकदा खाली उतरून बघा.