मोटारसायकल की मोठी स्कूटर: रोज हिंजवडी गाठणाऱ्यासाठी

मी पुण्यात आंबेगाव बुद्रुकला राहतो आणि नोकरीसाठी हिंजवडीला जातो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड असा हा एका बाजूचा साधारण २३ किलोमीटरचा रस्ता मी ११ वर्षे १५० सीसीच्या मोटारसायकलवर कापला आणि गेली दोन वर्षे १२५ सीसीच्या मोठ्या, ऐसपैस स्कूटरवर कापतो आहे. माझ्यासारखेच लांबून येणारे काही सहकारी सध्या हाच बदल करावा की नाही या विचारात आहेत, म्हणून दोन्ही गाड्यांचा अनुभव जमेल तितक्या तपशिलाने मांडतो.

गाडी का बदलली असे विचारणाऱ्याला बहुधा क्लच हेच उत्तर अपेक्षित असते. त्यात तथ्य आहे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, त्यानंतर तिथली कोंडी माझ्या मते बरीच सुटली. पण भूमकर चौकापासून हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पहिला गिअर, क्लच, पुन्हा न्यूट्रल हा क्रम आजही चुकत नाही. संध्याकाळी डावे मनगट भरून येत असे. तरीही हाताला त्याची सवय होते, आणि केवळ तेवढ्यासाठी मी चांगली चालणारी मोटारसायकल बाजूला ठेवली नसती.

मला सवय झाली नाही ती ओल्या पायांची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मोटारसायकलचे पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उडवते ते सरळ आपल्या नडग्यांवर आणि बुटांवर. शिवाय रेनकोटच्या पँटवरून ओघळणारे पाणी घोट्यापाशी येऊन बुटात उतरते. मी मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून पाहिल्या. गमबूट घालून पाहिले, तर त्याचे जाड टोक गिअरच्या खटक्याखाली नीट शिरेना. मग बुटांवर चढवायची रबरी कव्हरे आणली. दोन पावसाळ्यांत चार जोड झाले आणि प्रत्येक वेळी फाटले ते डाव्या पायाचेच, अंगठ्याच्या वर, कारण गिअर वर उचलताना खटका नेमका त्या जागी घासतो. उजव्या पायाची चारही कव्हरे अजून धड आहेत. कार्यालयात पोहोचल्यावर वातानुकूलित जागेत आठ-नऊ तास ओल्या मोज्यांत बसायचे, आणि ते कसेबसे सुकतात न सुकतात तोच परतीच्या पावसात पुन्हा भिजायचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्यांवर मलमे झाली, आणि तिसऱ्या वर्षीही तेच झाले तेव्हा मी गाडी बदलण्याचा निर्णय घेतला.

मोठ्या स्कूटरचा रुंद एप्रन, म्हणजे पायांपुढची उभी ढाल, हा त्रास जवळजवळ संपवतो. पाय त्याच्या आड असतात, चाकाचे पाणी खालच्या खाली जाते, आणि डाव्या पायाला काहीच काम नसल्यामुळे गमबूट घालूनही गाडी चालवता येते. पाय पूर्ण कोरडे राहतात असे मी म्हणणार नाही. शेजारून एखादी बस डबक्यातून गेली तर कुठलाही एप्रन पुरा पडत नाही. पण गेल्या दोन पावसाळ्यांत मी बहुतेक दिवस कोरड्या मोज्यांनी कामाला बसलो आहे, आणि माझ्या दृष्टीने याचे मोल फार मोठे आहे.

मोटारसायकलची बाजू कुठे जड आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पहिली गोष्ट खड्ड्यांची. मोटारसायकलचे १७ किंवा १८ इंची चाक जो खड्डा सहज ओलांडते, त्यात स्कूटरचे लहान चाक उतरते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा बसण्याचा आहे. मोटारसायकलवर गतिरोधक दिसला की गुडघ्यांनी टाकी धरून, पायांवर भार घेऊन आपण सीटवरून किंचित उठतो आणि हादरा गुडघ्यांतच जिरतो. मोठ्या स्कूटरवर पाय पुढे पसरलेले असतात, त्यामुळे तसे उठता येत नाही आणि बसलेला धक्का थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो. ज्यांना आधीपासून कंबरेचे दुखणे आहे, त्यांनी या एका मुद्द्यावर थांबून विचार करावा. दुसरी गोष्ट उताराची. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर मोटारसायकल तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवते. स्कूटरला हाताने टाकायचे गिअर नसतात आणि इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा तिचा बेल्ट तितका आधार देत नाही, त्यामुळे ब्रेकवर बोटे ठेवूनच खाली यावे लागते. महामार्गावर शेजारून कंटेनर गेला की हलकी स्कूटर वाऱ्याने जास्त डुलते, हेही खरे.

पेट्रोलचा फरक मला फारसा वाटला नाही. मोटारसायकल माझ्या हातात लिटरला पन्नासच्या आसपास देत होती, स्कूटर पंचेचाळीसच्या आसपास देते. मात्र टाकी जेमतेम साडेपाच लिटरची असल्यामुळे पंपावर दर चार-पाच दिवसांनी थांबावे लागते, जिथे पूर्वी पंधरवडा निघत असे. त्याच्या बदल्यात पावसात दर आठवड्याला चेन पुसून तिला तेल घालण्याचे काम सुटले, आणि ओला रेनकोट डिकीत टाकून हात हलवत वर जाता येते. माझे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट मात्र डिकीत मावत नाही.

स्कूटर घ्यायचे ठरलेच तर कोणती, याबाबत एवढेच सुचवतो की मागच्या चाकाकडे आधी पाहावे. सुझुकीची बर्गमन स्ट्रीट भारतात २०१८ मध्ये आली तेव्हा तिचे मागचे चाक १० इंची होते. नंतरच्या ईएक्स प्रकारात ते १२ इंची झाले, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हा फरक जाणवण्याइतका आहे. यामाहाच्या एरॉक्सची चाके १४ इंची आहेत आणि इंजिन १५५ सीसीचे आहे, म्हणून महामार्गावर ती अधिक निश्चिंत वाटते; परंतु तिच्या मधोमध उंच कणा असल्याने पायांपाशी पिशवी ठेवायची सोय राहत नाही. मंडईतून भाजी किंवा गिरणीतून दळण आणणाऱ्या घरात ही उणीव रोज जाणवेल.

ज्यांचा रस्ता घाटाचा आहे, किंवा जे महिन्यातून दोनदा भोर-महाडकडे जातात, त्यांना मोटारसायकल सोडा असा आग्रह मी करणार नाही. माझीही अजून घरी आहे आणि गावी जाताना मी तीच काढतो. पण रोजचा रस्ता शहरातला असेल आणि कार्यालयात बूट घालूनच बसावे लागत असेल, तर स्कूटर एकदा पावसात चालवून पाहावी. चाचणी फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता दोन-चार गतिरोधक आणि एखादे डबके असलेल्या रस्त्याने घ्यावी, आणि परत आल्यावर आधी कंबर व मग मोजे तपासावेत.