‘मेंदूची सूज’ उतरवून देणाऱ्यांपासून सावध राहा

आईला अल्झायमर आहे. मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टांचे उपचार आणि डोनेपेझिलची गोळी नियमित चालू होती. कुणीतरी वडिलांना सांगलीतल्या एका केंद्राचं नाव सांगितलं आणि ते आईला तिथे घेऊन गेले.

तिथे आईच्या हातात धातूची कांडी दिली, संगणकावर रंगीत आलेख उमटले आणि ‘मेंदूला सूज 68 टक्के’ असा छापील रिपोर्ट मिळाला. उपाय म्हणून हळदीचा अर्क आणि एक काळपट चूर्ण. 24 हजार रुपये आगाऊ घेतले, पक्कं बिल दिलं नाही. वर ताकीद, “डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, त्यांनीच सूज वाढते.”

संताप येतो तो यासाठी की ही माणसं खऱ्या संशोधनाचा आधार घेऊन लुटतात. अल्झायमरमध्ये मेंदूत दाह असतो (त्यालाच हे लोक ‘सूज’ म्हणतात), हे खरंच आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूतला कचरा साफ करतात. या आजारात मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाभोवती त्या गोळा होतात आणि दीर्घकाळ उत्तेजित राहिल्या की धडधाकट चेतापेशींनाही इजा करतात. याच पेशींशी संबंधित ट्रेम-2 जनुकातल्या एका बदलामुळे या आजाराचा धोका वाढतो, असं 2013 मध्ये दिसून आलं. पण हा दाह हातात कांडी धरून मोजताच येत नाही. तो उतरवायचे प्रयत्नही झाले आहेत. प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष 2000 मध्ये आले: उपयोग नाही, उलट रुग्णांचं वागणं बिघडलं. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी वेदनाशामकं अडीच हजारांवर ज्येष्ठांना देऊन पाहिली, त्यांनीही आजार टळला नाही. हळदीतलं कर्क्युमिन तोंडावाटे घेतलं तर रक्तात फारच थोडं पोहोचतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा आम्हाला अभिमान आहे. नेमका तोच अभिमान हे लोक विकतात.

सुरुवातीला आईला तरतरी आली, भूक वाढली. मग चेहरा सुजला, साखर चढली, रात्रभर झोप नाही, अंगावर धावून जाणं. चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असावं, अशी शंका डॉक्टरांनी घेतली. म्हणून तुमच्याकडे असं काही चालू असेल तर ते परस्पर एकदम थांबवू नका. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

रिकाम्या पुड्या, तो रिपोर्ट, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. मेंदूचे विकार बरे करतो अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आमची तक्रार आम्ही दिली आहे.