लाल डबा नाही, पण एसटीच: बीएमडब्ल्यू आर ८० एसटी की जी/एस?

म्युनिकला असलेल्या एका मित्राने दोन जुन्या मोटरसायकलींचे फोटो पाठवले, एक पांढरी-निळी, लाल सीटवाली आर ८० जी/एस आणि दुसरी चंदेरी आर ८० एसटी, आणि खाली एकच शब्द, 'सांग', म्हणजे यातली कुठली घेऊ ते. एसटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाल डबाच येतो, त्यामुळे आधी दहा मिनिटं त्यावरच टाइमपास झाला. पण प्रश्न खरा आहे. दोन्ही गाड्यांनी चाळिशी ओलांडलीये, दोन्हीला इंजिन एकच, आणि तरी जी/एसवाला चांगलेच जास्त पैसे मागतोय.

आधी कूळ. जी/एस आली १९८० ला, नावातच गेलेंडे आणि श्ट्रासे, म्हणजे कच्चं रान आणि रस्ता. १९८१ ला युबेर ओरियोलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली रेस जिंकली, ८३ ला परत त्यानेच, ८४ आणि ८५ ला गास्तों राहियेने, आणि तिथून या गाडीभोवती जे वलय तयार झालं ते अजून उतरलेलं नाही. डाकारला धावलेली गाडी आणि शोरूममधून निघालेली गाडी यात बराच फरक होता हा भाग वेगळा, पण किंमत सांगताना कोण तो हिशोब करतो. कंपनीला हेही दिसत होतं की घेणारे बहुतेक जण डांबरावरच फिरणार, म्हणून १९८२ ला त्याच गाडीतून एसटी काढली. ती ८४ पर्यंतच चालली. एसटी सहा हजारांच्या आत बनल्या आणि जी/एस एकवीस हजारांच्या वर, म्हणजे दुर्मिळ कोण तर एसटी, आणि स्वस्त कोण तर तीही एसटीच!

आता खरा फरक, पुढचं चाक. जी/एसला २१ इंची, बारीक टायर, आणि फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) २०० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे ते तेवढं दबतं. एसटीला १९ इंची, जरा रुंद टायर, पुढे १७५ आणि मागे १५३ (जी/एसला मागे १७०). कागदावर वाचलं तर वाटतं एवढ्याने काय होतंय, पण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये रस्ता एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरतो ना, तिथे जी/एस अर्धा क्षण थांबून मग झुकते आणि ब्रेक दाबला की पुढून खाली वाकून नमस्कार करते, आणि एसटी काही न बोलता वळून मोकळी होते. मला हाच अर्धा क्षण महत्त्वाचा वाटतो, कारण दिवसभरात पाचशे वळणं असली की संध्याकाळी खांद्यांना तो कळतो. खडीच्या रस्त्यावर मात्र उलटं, तिथे २१ इंची चाक दगडावरून आरामात जातं आणि एसटीवर आपण जरा जपूनच जातो.

आपल्याकडच्या लोकांना पटकन कळायचं तर रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ आणि स्क्रॅम ४११ आठवा, तिथेही २१ चं १९ केलं, ट्रॅव्हल २०० वरून १९० वर आणलं, इंजिन तेच. फक्त स्क्रॅम हिमालयनपेक्षा हलकी झाली आणि एसटी मात्र जी/एसपेक्षा थोडी जडच, १९८ किलोच्या आसपास.

इंजिनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ७९७ सीसी, ५० हॉर्सपॉवर, पाच गियर, शाफ्ट ड्राइव्ह (मागच्या चाकाला चेनऐवजी दांडा). टॉप स्पीड जी/एसचा १६८ आणि एसटीचा १७४, त्यावरून निर्णय घेणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. शाफ्टमुळे रेस दिली की गाडीचा मागचा भाग वर उचलतो आणि सोडली की बसतो, दोन्हीत सारखंच, दोन दिवसात सवय होते. ब्रेक दोन्हीला पुढे एकच डिस्क आणि मागे ड्रम. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट प्राड गावाच्या बाजूने उतरायला घेतला तर ४८ हेअरपिन वळणं आहेत, सामान आणि मागे बायको घेऊन उतरताना इंजिन ब्रेकिंग नीट शिकून घ्या, आजच्या गाडीच्या भरवशाने जाल तर चुकाल.

उंची कमी असणाऱ्यांनी लक्ष द्या, सीट जी/एसची ८६० मिलिमीटर आणि एसटीची ८४५. मी पाच फूट सहा इंच, एसटीवरही चवड्यांवरच, पण जी/एसवर दगडी फरशीच्या उतारावर थांबलो तेव्हा सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे हे पोटरीला समजलं. डावीकडे आहे, वरून जातो, त्यामुळे त्या बाजूची सामानाची पेटी दोन्ही गाड्यांवर बाहेर सरकलेली असते. पण मागचं चाक काढणं म्हणजे सुख, मोनोलिव्हरमुळे (चाक एकाच बाजूने धरलेलं) तीन नट काढले की चाक हातात, कारसारखं. आपल्याकडे कोपऱ्यावर पंक्चरवाला असतो, तिथे नसतो, आणि टायर ट्यूबवाले.

देखभाल सारखीच. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) घरी सेट करता येतात, सिलिंडर बाजूला बाहेरच आलेले आहेत. गियरबॉक्सचा स्प्लाइन शाफ्ट (खाचांचा दांडा) अधूनमधून ग्रीस करावा लागतो आणि त्यासाठी गियरबॉक्स मागे सरकवावा लागतो, तो शेवटचा कधी केला हे विकणाऱ्याला विचारा, उत्तर देताना तो आभाळाकडे बघायला लागला तर किंमत पाडा. इंजिनाचे पार्ट मिळतात, पण एसटीचा खास पुढचा भाग, फोर्क, चाक, हे शोधावं लागतं, म्हणून अपघातातली एसटी स्वस्त मिळाली तरी नको. उलट जी/एस घेताना वेगळी भीती, एसटीला किंवा बीएमडब्ल्यूच्या दुसऱ्या कुठल्या बॉक्सरला (अशाच बाजूला सिलिंडर असलेल्या गाडीला) जी/एसचे कपडे चढवून विकणारेही आहेत, फ्रेम नंबर कागदाशी जुळवल्याशिवाय खिशात हात घालू नका. आणि 'ऑल्डटायमरची एच नंबर प्लेट आहे, टॅक्स वाचतो' याला भुलू नका, ही जर्मनीत जुन्या जतन केलेल्या गाडीला मिळणारी पाटी, एचचा टॅक्स वर्षाला ४६ युरो आणि साध्या पाटीवर या इंजिनाला ५८, म्हणजे बारा युरो, दोन कॉफ्या आणि केक.

बघायला जाल तेव्हा आधी सिलिंडरला हात लावा, गरम असेल तर विकणाऱ्याने आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीये. साइड स्टँडवर उभी असेल तर सुरू करताना थोडा निळा धूर येतो, डाव्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरलेलं असतं, तो दोन मिनिटात गेला की चिंता नाही.

माझं मत विचाराल तर ज्याला खरंच मोरोक्कोला वगैरे जायचंय किंवा पुढे विकताना पैसे हवेत त्याने जी/एस घ्यावी. बाकी ज्याचं फिरणं म्हणजे शनिवारी सकाळी निघून आल्प्सचे दोन घाट आणि रविवारी रात्री घरी, त्याने एसटी.

मित्राला मी 'एसटी घे' एवढंच लिहिलं. त्याचा लगेच मेसेज, 'अरे पण ती पांढरी फोटोत किती भारी दिसते'. आता यावर काय बोलणार, दिसतेच.