शिलाई घरोघरी द्यायची की आपल्या शेडमध्ये घ्यायची?

गणवेशाच्या धंद्यात नव्यानं उतरणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी पाच हंगाम ठेकेदारामार्फत घरोघरी शिलाई, आता सोलापुरात अक्कलकोट रोडला छोटी शेड.

घरोघरी काम स्वस्त पडतं, हे मान्यच. भाडं नाही, वीजबिल नाही, जूननंतर रिकाम्या मशिनी सांभाळायच्या नाहीत. शेडमध्ये दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आलं, त्यात मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के. वीस झाली की पीएफ. व्यापाऱ्याचं पेमेंट दिवाळीपर्यंत लांबलं तरी शनिवारचा पगार थांबवता येत नाही.

माझं मन फिरलं ते बाह्यांमुळं. शाळा उघडायच्या आठवड्यात शंभरेक शर्ट परत आले. अंग कापडाच्या एका ताक्याचं, बाही दुसऱ्याची. उन्हात धरलं की आकाशी रंगातला फरक लगेच दिसायचा. एका ताक्याचे तुकडे एकत्र राहावेत म्हणून बंडलांना नंबर आम्ही लावले होते, घरोघरी वाटताना ते मिसळले. ‘हे कोणी शिवलं?’ विचारलं तर ठेकेदाराला सांगता येईना. त्यानं सगळ्याच बायकांच्या मजुरीतून सरसकट पैसे कापले. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका अक्कांकडून. विड्यांत छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकून त्यांची मजुरी देत नाहीत, तसंच हे, असं समजून त्या गप्प बसल्या होत्या. मी पीसमागं काय देतो आणि त्यांच्या हातात काय पडतं, तेही तेव्हाच समजलं. बांगलादेशात ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत २०१३ मध्ये कोसळून अकराशेवर माणसं गेली, तेव्हा तिथं कोणाकोणाचा माल शिवला जात होता हे ढिगाऱ्यातल्या लेबलांवरून शोधावं लागलं होतं. माझा धंदा एवढासा, तरी ‘कोणी शिवलं’ याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

शेडमध्येही चुका होतात. पण बंडलाच्या चिठ्ठीवर नाव असतं, चूक त्याच दुपारी सापडते, बाही उसवून पुन्हा लागते. दुरुस्तीचा वेळ मी मजुरीत धरतो. परत येणारा माल इतका घटलाय की भाड्याचा बराच भाग त्यातच सुटतो, असा माझा अंदाज. तुमचा हिशेब वेगळा निघू शकेल.

घरात तान्हं मूल असलं की बाईला शेडमध्ये येणं जमत नाही, हेही खरं. अशा चौघींना आम्ही अजून घरी काम देतो. मध्ये ठेकेदार नाही, चिठ्ठीवर त्यांचं नाव, मजुरी थेट त्यांच्या खात्यात. शेड परवडत नसेल तर निदान एवढं करून बघा. बंडलं मात्र नंबर तपासून मी स्वतः पोचवतो.