वेलॉसिटी सोडून सायकल टाइम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची सॉफ्टवेअर टीम सहा जणांची, पुण्यात. स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरलेले टप्पे, दोन आठवड्यांचे. आधी वर्षभर वेलॉसिटीवर काढलं, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंट (काम किती मोठं, याचा अंदाजे आकडा) संपले ते मोजायचं. आकडा ३४ वरून ५२ वर गेला, वरचे साहेब खूश. रिलीजच्या तारखा मात्र घसरायच्या त्या घसरतच होत्या. इस्टिमेशनला बसलं की कारण कळायचं. "पाच की आठ?" "आठ टाक रे, मागच्या वेळी पाच टाकून रविवार गेला माझा." पॉइंट फुगले, काम तेवढंच. ज्या आकड्याचं टार्गेट होतं तो आकडा कामातून जातो, हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावावरचं १९७५ चं सूत्र आम्ही फुकटात सिद्ध केलं. गंमत म्हणजे स्प्रिंटची ही पद्धत ज्यातून आली त्या स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, आणि आम्ही ते वेदवाक्य धरून बसलो होतो!

ऑगस्टपासून सायकल टाइम बघतोय: काम हातात घेतल्यापासून प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जाईपर्यंत किती दिवस. जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला कंट्रोल चार्ट (प्रत्येक कामाला किती दिवस लागले त्याचा आलेख) उघडतो, बाकी हिशोब एक्सेलमध्ये.

पहिल्याच आठवड्यात बोर्डावर १४ तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, चालू, आठवड्याला संपतात साधारण ७. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम (चालू कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं) लावला तर सरासरी दोन आठवडे लागणारच, कितीही रात्री जागा. त्यातलं एक पीडीएफ रिपोर्टचं तिकीट: कोड दीड दिवसात झालेला, नंतर ११ दिवस टेस्टिंगच्या रांगेत. टेस्टर एकच. ती बिचारी रोज स्टँडअपला, म्हणजे सकाळच्या छोट्या मीटिंगला, हेच सांगायची, आम्ही मान डोलावून पुढे जायचो.

मग टेस्टिंगला एका वेळी तीन तिकिटांची मर्यादा घातली. रांग भरली की डेव्हलपरने नवं काम उचलायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. तीन आठवडे नुसती कुरकुर. "मी काय टेस्टर म्हणून जॉइन झालोय का?" आता एका वेळी सात-आठच तिकिटं चालू असतात आणि ८५ टक्के कामं नऊ दिवसांत बाहेर पडतात, आधी १९ लागायचे. सरासरी सांगणं मी बंद केलंय, कारण क्लायंट सरासरीलाच तारीख समजतो.

खोट इथेही आहे. लोक तिकीट उशिरा 'चालू'मध्ये ओढतात, अर्धं काम आधीच लॅपटॉपवर उरकलेलं असतं. एका पठ्ठ्याने एका स्क्रीनची चार तिकिटं पाडली. आणि वेगाच्या नादात डिसेंबरमध्ये दोन रिलीज मागे घ्यावे लागले, म्हणून आता किती रिलीज फसले तेही शेजारी लिहितो.

माझी सगळ्यात मोठी चूक ऑक्टोबरमधली: माणसागणिक सायकल टाइमचा चार्ट लावला. सगळ्यात हळू निघाला तो आमचा सीनियर, जो अर्धा दिवस इतरांचे कोड रिव्ह्यू करण्यात घालवतो. संध्याकाळच्या आत चार्ट उतरवला. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, बरोबरच होतं त्याचं.

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'सरासरी वेलॉसिटी' हा रकाना अजून आहे. यंदा मी तो रिकामा सोडला. काल एचआरचा मेल आला: हा रकाना भरणं अनिवार्य आहे.